चिकलठाण्यात उतरलात, आता शहरही पाहा! छत्रपती संभाजीनगरात दोन दिवसांचा मुक्काम कसा आखावा?

वेरूळला मंगळवारी सुटी, अजिंठ्याला सोमवारी. या दोन वारांचा हिशेब चुकला तर सहल फसते. पण त्याहून मोठी चूक म्हणजे लेण्या पाहून शहर न पाहताच परत फिरणे. काय पाहावे, कधी पाहावे आणि कुठे जेवावे, याची सविस्तर माहिती.

चिकलठाणा हे नाव मराठवाड्याला दोन कारणांनी रोज ऐकू येते. एक म्हणजे इथल्या वेधशाळेचा पारा. उन्हाळ्यात तो ४० अंशांच्या वर गेला की बातमी होते. दुसरे म्हणजे विमानतळ. जालना रोडवरचा हा विमानतळ शहराच्या मध्यवस्तीपासून साधारण ८ ते १० किलोमीटरवर आहे. मुंबईहून निघालेला प्रवासी इथे तासाभरात पोहोचतो.

इथून पुढचा बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. टॅक्सी, हॉटेल, झोप. सकाळी वेरूळ, जमले तर वाटेत देवगिरी किल्ला, येताना बीबी का मकबरा, तिथे अर्धा तास. दुसऱ्या दिवशी अजिंठा आणि तिथूनच परतीची घाई. दोन दिवसांत जागतिक वारशाची दोन स्थळे पाहून होतात. पण ज्या शहरात मुक्काम केला, ते शहर मात्र टॅक्सीच्या काचेतूनच दिसते.

या शहराला ४०० वर्षांहून अधिक इतिहास आहे. दरवाजे आहेत, नहरी आहेत, पुरे आहेत, स्वतःची खाद्यसंस्कृती आहे. तरीही ते अनेकांच्या लेखी 'लेण्यांना जाताना लागणारे शहर' एवढेच उरते.

मुक्कामाचा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

वेगामुळे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता सुरू झाला. हा महामार्ग शहराला लागूनच जातो. मुंबईसाठी वंदे भारत रेल्वेही डिसेंबर २०२३ पासून धावू लागली. येणे सोपे झाले, तसे जाणेही सोपे झाले. पूर्वी अनेकांना एक रात्र काढावी लागे. आता सकाळी येऊन रात्री परतणारेही आहेत.

पर्यटक रात्री थांबला की दोन वेळचे जेवण शहरात होते. रिक्षा लागते, गाइड लागतो, बाजारात फेरी होते, पान खाल्ले जाते, शाल घेतली जाते. तो दुपारीच निघून गेला तर पार्किंग आणि तिकिटापलीकडे गावाच्या हाती फारसे काही लागत नाही.

हा प्रश्न फक्त मराठवाड्याचा नाही. इटलीतील व्हेनिस शहराने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून ५ युरो प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क नाही. ते मुक्कामावरचा वेगळा कर हॉटेलच्या बिलातूनच भरतात. व्हेनिसची अडचण अति गर्दीची आहे, संभाजीनगरची तशी नाही. पण धडा एकच आहे. पाहून जाणारा आणि राहून जाणारा, यांत शहराच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

पर्यटकाच्या दृष्टीनेही तो आहे. इटलीला जाणारी मराठी कुटुंबे रोम किंवा फ्लोरेन्सच्या जुन्या गल्ल्यांतून मुद्दाम पायी फिरतात, संध्याकाळी चौकात बसून जेवतात आणि घरी येऊन त्याचेच वर्णन करतात. तसे फिरण्याजोगे जुने शहर चिकलठाण्यापासून अर्ध्या तासावर आहे.

सुटीच्या वारांचे गणित काय?

सहल आखताना पहिली नजर कॅलेंडरवर हवी.

• वेरूळ लेणी : मंगळवारी बंद
• अजिंठा लेणी : सोमवारी बंद
• बीबी का मकबरा : सर्व दिवस खुला

लागोपाठचे कोणतेही दोन दिवस घेतले तरी एक क्रम बसतोच. रविवार-सोमवार असेल तर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ. सोमवार-मंगळवार असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा. मंगळवार-बुधवार असेल तर मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ. क्रम उलटा झाला की बंद फाटक पाहून परतावे लागते.

मात्र दोन दिवसांत दोन्ही लेण्या बसवल्या, की शहराला वेळ उरत नाही. वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर आहे, तर अजिंठा साधारण १०० किलोमीटरवर. अजिंठ्याला जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीतच जातात. शिवाय खासगी वाहन लेण्यांपासून सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबवावे लागते. तिथून पुढे बसने जावे लागते. म्हणजे अजिंठ्याला पूर्ण दिवस धरायचा.

त्यामुळे हिशेब सरळ आहे. दोन दिवस असतील तर एक शहराला आणि एक देवगिरी-वेरूळला. तिसरा दिवस काढता आला तर तो अजिंठ्याला. अजिंठा 'उरकण्यापेक्षा' पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलेला बरा. वाघूर नदीच्या वळणावरची ती ३० लेणी आणि त्यांतली चित्रे घाईत पाहण्यासारखी नाहीत.

पहिला दिवस, सकाळ : पाण्याचे शहर

जुने शहर समजून घ्यायचे तर पाण्यापासून सुरुवात करावी. खाम नदीकाठी खडकी नावाचे गाव होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये तिथे राजधानी वसवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा कर्तबगार सेनानी आणि प्रशासक झाला. त्याच्या मृत्यूनंतर १६२६ मध्ये मुलगा फतेहखान याच्या नावावरून गावाचे नाव फतेहनगर झाले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने ते औरंगाबाद केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मान्यतेनंतर शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले.

नावे बदलली, पण मलिक अंबरने केलेले एक काम सगळ्यांच्या कामी आले. ते म्हणजे नहर-ए-अंबरी. आजूबाजूच्या टेकड्यांत झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापरी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणण्याची ही व्यवस्था होती. त्याला पंप लागत नव्हता. वाटेत उभारलेल्या मनोऱ्यांमुळे नळांतली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब सांभाळला जाई. पुढच्या काळात आणखी नहरींची भर पडली. बेगमपुऱ्यातील थत्ते हौद हा त्याच परंपरेतला.

ही व्यवस्था डोळ्यांनी पाहायची तर पाणचक्की गाठावी. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १८व्या शतकात ती आकाराला आली. काही किलोमीटरवरच्या टेकड्यांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढते आणि तिथून धबधब्यासारखे हौदात पडते. याच पाण्याच्या जोरावर जात्याचे पाते फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाच्या खाली खांबांचे दालन आहे. डोक्यावर पाणी आणि खाली गारवा, अशी रचना. एप्रिल-मे महिन्यांत या दालनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आवारातले जुने वडाचे झाडही पाहण्यासारखे आहे.

आज शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, पंपांच्या साहाय्याने. नळाला काही दिवसांआड पाणी येणे इथल्या रहिवाशांना नवे नाही. या पार्श्वभूमीवर ४०० वर्षांपूर्वीची विनापंपाची योजना पाहताना पर्यटकाला शहराचा एक जिवंत प्रश्नच समोर दिसतो.

पाणचक्कीकडे जाताना भडकल दरवाजा लागतो. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने १६१२ मध्ये तो बांधला. शहराच्या दरवाजांपैकी हा सर्वांत जुन्यांपैकी एक. याच चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे.

५२ दरवाजे खरेच आहेत का?

या शहराला '५२ दरवाजांचे शहर' म्हणतात. लहान-मोठे सगळे धरून हा आकडा सांगितला जातो. आज त्यांतले थोडेच उभे आहेत. औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, शहराभोवती तट बांधला गेला. तट बहुतांश गेला. काही दरवाजे राहिले.

दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, रंगीन दरवाजा, रोशन दरवाजा, मकाई दरवाजा, बारापुल्ला दरवाजा, महमूद दरवाजा ही नावे रिक्षावाल्याला सांगितली तरी पुरे. बरीच नावे दिशेवरून पडली. दिल्लीच्या वाटेवरचा दिल्ली दरवाजा, पैठणच्या वाटेवरचा पैठण दरवाजा, मक्केच्या दिशेचा मकाई दरवाजा. अलीकडच्या काळात स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली आहे.

दरवाजांसारखीच पुऱ्यांची नावेही बोलतात. जयसिंगपुरा हा राजा जयसिंगाचा. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, तर पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंहाचा. मोगलांच्या बाजूने दख्खनमध्ये आलेल्या राजपूत सरदारांच्या छावण्यांची ही नावे आजही पत्त्यांत आहेत. कर्णपुऱ्यातील तुळजाभवानीच्या यात्रेला नवरात्रात शहर लोटते.

बीबी का मकबरा : 'छोटा ताज' म्हणून सोडून देऊ नका

औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम, म्हणजे राबिया-उद-दौरानी, हिची ही कबर. १६६०-६१ च्या सुमारास ती बांधली गेली. प्रवेशद्वारावर दोन नावे कोरलेली आहेत. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. अताउल्लाचे वडील उस्ताद अहमद लाहोरी यांचे नाव ताजमहालाशी जोडले जाते. त्यामुळे तुलना होणे साहजिक आहे. पण त्या तुलनेत एक गोष्ट हरवते.

ताजमहाल सम्राटाच्या खजिन्यावर उभा राहिला. मकबरा ठरलेल्या रकमेत बसवावा लागला. एका जुन्या नोंदीनुसार त्याला ६ लाख ६८ हजार २०३ रुपये खर्च आला. त्यामुळे संगमरवर जपून वापरला गेला. मुख्य इमारतीत खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला संगमरवर आहे. मधला भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा असून त्यावर बारीक चुन्याचा गिलावा आहे. जवळ जाऊन पाहिले की संगमरवर कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो, ते कळते. त्या चुन्यातले वेलबुट्टीचे काम हेच मकबऱ्याचे खरे वैशिष्ट्य.

फ्रेंच प्रवासी तावर्निये याने सुरतेहून येताना संगमरवर लादलेल्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांतली सर्वांत लहान गाडीसुद्धा १२ बैल ओढत होते. एवढ्या लांबून दगड आणायचा तर तो काटकसरीनेच वापरला जाणार.

मकबऱ्यासाठी किमान दीड तास ठेवावा. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर जावे.

मागच्या डोंगरातली लेणी कोणी पाहतच नाही

मकबऱ्याच्या मागे अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर, डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांना औरंगाबाद लेणी म्हणतात. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढे ती झाकोळली गेली, म्हणूनच इथे गर्दी नसते.

त्यातही सातव्या क्रमांकाचे लेणे चुकवू नये. संकटात सापडलेल्या भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर इथे मोठ्या शिल्पपटात कोरला आहे. आत गर्भगृहाच्या भिंतीवर मध्यभागी नृत्य करणारी स्त्री आणि तिच्या भोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. लेण्यांच्या ओट्यावरून खाली सगळे शहर आणि मध्ये पांढरा मकबरा दिसतो. पायऱ्या आहेत. पाण्याची बाटली आणि चांगली चप्पल-बूट सोबत ठेवावेत.

याच बाजूला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरालगत सोनेरी महाल आहे. मोगलांसोबत दख्खनमध्ये आलेल्या बुंदेला सरदाराने तो १७व्या शतकात बांधला. वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे कार्यक्रम याच महालाच्या प्रांगणात होतात.

पहिला दिवस, संध्याकाळ : कुठे काय खावे?

संध्याकाळ जुन्या शहरासाठी. पैठण गेट, गुलमंडी, मछली खडक, सिटी चौक हा पट्टा एकमेकांना लागून आहे. गाडी बाहेर ठेवून पायी फिरावे. कपडे, भांडी, मसाले, मिठाई, अत्तर, बांगड्या असा सगळा बाजार इथे भरतो. गुलमंडीवर सुपारी हनुमान मंदिर आहे. राजाबाजारात शहराचे ग्रामदैवत संस्थान गणपती आहे. पुढे शहागंजला निजामकाळातले घड्याळाचे टॉवर आहे. मंदिर, दर्गा, मशीद आणि दुकाने अशी एकमेकांना खेटून असलेली वस्ती ही या शहराची खरी ओळख.

नान-खलिया : शहराची ओळख सांगणारा पदार्थ हाच. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा मोठ्या लवाजम्याला एकाच वेळी जेवू घालण्यासाठी हा पदार्थ रुळला, असे सांगितले जाते. नान तंदूरमध्ये भाजलेला, मऊ, वरून पिवळसर. खलिया म्हणजे मोठ्या देगीत तासन्‌तास शिजलेला मांसाचा पातळ रस्सा. वर लाल तवंग. जुन्या शहरात लग्नकार्याच्या जेवणात त्याचा मान मोठा. एक काळजी घ्यावी. खलिया मटणाचाही असतो आणि म्हशीवर्गीय मांसाचाही. ऑर्डर देण्याआधी विचारावे. विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

शाकाहारींसाठी : ज्वारी-बाजरीची भाकरी, ठेचा, पिठले, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी, येसर आमटी आणि धपाटे हे मराठवाड्याचे जेवण. हॉटेलच्या 'पंजाबी' मेन्यूत ते नेहमी सापडत नाही. मराठवाडी थाळी किंवा भाकरी-पिठले असा फलक असलेली जागा शोधावी. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत असेल तर जागा बरोबर आहे, असे समजावे.

गोड : गुलमंडी परिसरातील इमरती. जिलेबीची ही उडदाची बहीण. गरम असतानाच खावी.

पान : उस्मानपुऱ्यातील तारा पान सेंटरचे नाव शहराबाहेरही पोहोचले आहे. जेवणानंतर कुटुंबासह तिथे जाणे हा अनेकांचा ठरलेला कार्यक्रम असतो.

मोसमाप्रमाणे : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दौलताबाद-वेरूळ रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत शहराभोवतीच्या शेतांत ज्वारीचा हुरडा भाजला जातो. उन्हाळ्यात मराठवाड्याचा केशर आंबा आणि शेजारच्या जालन्याची मोसंबी. या दोन्ही फळांना भौगोलिक मानांकन आहे. रमजानच्या रात्री सिटी चौक आणि शहागंजच्या गल्ल्या उशिरापर्यंत जाग्या असतात.

दुसरा दिवस : आधी किल्ला, मग वेरूळ

क्रम महत्त्वाचा आहे. सकाळी किल्ला, दुपारनंतर लेणी. कारणे दोन. किल्ल्याची चढण उन्हात त्रासदायक ठरते. आणि वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर त्यांत उजेड चांगला येतो.

देवगिरी (दौलताबाद) किल्ला शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर. यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने तिच्यावर स्वारी केली. आत शिरल्यावर १५व्या शतकातील चांद मिनार, भारतमाता मंदिर, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला जिथे कैदेत ठेवले तो चिनी महाल आणि मेंढा तोफ पाहायला मिळते. नंतर खंदक आणि 'अंधारी'. शत्रूला फसवण्यासाठी खडकात खोदलेला हा वळणावळणाचा काळोखी मार्ग. इथे वटवाघळे असतात. मोबाइलचा टॉर्च चालू ठेवावा. माथ्यापर्यंत जायचे तर तीन तास धरावेत. गुडघेदुखी असलेल्यांनी चांद मिनार आणि चिनी महालापर्यंतचा खालचा भाग पाहिला तरी पुष्कळ.

पुढे खुलताबाद. मलिक अंबरची कबर इथे आहे. १७०७ मध्ये मरण पावलेल्या औरंगजेबाची साधी, वर छत नसलेली कबरही इथेच. पहिल्या दिवशी पाहिलेले शहर ज्याने वसवले आणि ज्याने त्याचे नाव बदलले, ते दोघेही एकाच गावात विसावले आहेत. निद्रावस्थेतील मारुतीचे भद्रा मारुती मंदिरही खुलताबादलाच.

वेरूळ येथे एकूण ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. साधारण दोन किलोमीटरच्या पट्ट्यात ती पसरली आहेत. सगळी पाहणे एका दुपारी शक्य नाही. वेळ कमी असेल तर हा क्रम ठेवावा :

• लेणे १६ : कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील, आठव्या शतकातले. वरून खाली कोरत आणलेले एकाच खडकातले मंदिर
• लेणे १० : विश्वकर्मा, म्हणजे 'सुतार झोपडी'. दगडात लाकडी वाशांचा भास
• लेणे १२ : तीन ताल. तीन मजली विहार
• लेणे ३२ : इंद्रसभा. जैन लेण्यांतले सर्वांत देखणे
• लेणे २९ : सीता की नहाणी. पावसाळ्यात शेजारी धबधबा

कैलास खालून पाहून झाला की बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून वरूनही पाहावा. मंदिर 'बांधलेले' नसून डोंगरातून 'काढलेले' आहे, हे वरून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. कड्याच्या टोकाशी सेल्फीचा मोह टाळावा.

वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही स्थळे १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. भारतातून त्या वर्षी यादीत गेलेली इतर दोन नावे ताजमहाल आणि आग्ऱ्याचा किल्ला. लेण्यांजवळच घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. सध्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार १८व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. श्रावणात आणि सोमवारी इथे रांग मोठी असते. वेळेचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

खरेदी : हिमरू खरा की खोटा?

हिमरू ही या शहराची जुनी वीण. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेले हे कापड जरीच्या किनखापाला स्वस्त पर्याय म्हणून लोकप्रिय झाले. आज हातमागावर हिमरू विणणारे थोडेच उरले आहेत. यंत्रमागावरच्या शालीही 'हिमरू' म्हणून विकल्या जातात. कापड उलटे करून पाहावे. हातमागाच्या हिमरूत नक्षीचे धागे मागच्या बाजूला मोकळे, लोंबते दिसतात. शक्य असेल तर जिथे माग चालू आहे, तिथे जाऊन विणकराच्या हातचे काम पाहून घ्यावे. दोन पैसे जास्त गेले तरी ते योग्य ठिकाणी जातात.

पैठणीसाठी पैठणला जायचे तर ते साधारण ५० किलोमीटरवर आहे. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस हवा.

निघण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

• राहण्याची जागा : जुने शहर पाहायचे तर स्टेशन रोड किंवा क्रांती चौक परिसर सोयीचा. पहाटेचे विमान असेल तर जालना रोड, सिडको किंवा चिकलठाणा.
• तिकीट : लेण्या, मकबरा आणि किल्ल्याचे तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ऑनलाइन सेवेवर मिळते. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.
• वाहन : शहरात रिक्षा आणि स्मार्ट सिटी बस. देवगिरी-वेरूळसाठी दिवसभराची गाडी घ्यावी. दर, थांबे आणि परतीची वेळ आधीच ठरवून घ्यावी. 'वाटेतल्या दुकानात थांबायचे की नाही' हेही तेव्हाच सांगावे.
• गाइड : वेरूळला परवानाधारक गाइड घेतल्यास दोन तासांत नेमके पाहून होते. ओळखपत्र पाहूनच ठरवावे.
• मोसम : जुलै ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवे आणि धबधबे वाहते. मार्चपासून ऊन वाढते, तेव्हा सकाळी ११ च्या आत आणि दुपारी ४ नंतर फिरावे.
• पेहराव : मंदिर, दर्गा आणि कबरींच्या ठिकाणी डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवावी.
• कॅमेरा : अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारू नये. त्याला मनाई आहे.

शेवटी हिशेब काय?

शहराला एक दिवस दिला तर वेरूळ-अजिंठ्याचे महत्त्व कमी होत नाही. उलट संदर्भ जुळतो. औरंगाबाद लेण्यांतला अवलोकितेश्वर पाहिलेला असेल तर वेरूळच्या बौद्ध लेण्या ओळखीच्या वाटतात. मलिक अंबरची नहर पाहिलेली असेल तर खुलताबादला त्याच्या कबरीपाशी पाय थबकतात. आणि जुन्या शहरात एक वेळ जेवलेले असेल, तर 'कसे आहे तिकडे?' या प्रश्नाला लेण्यांच्या फोटोंपलीकडचे उत्तर देता येते.

त्यासाठी लागते फक्त एक जादा रात्र. विमानाचे परतीचे तिकीट काढतानाच ती ठरते. म्हणून बुकिंग करण्याआधी वार पाहावा आणि परतीची तारीख एक दिवसाने पुढे घ्यावी.